मदत हवी आहे : अँटनीचं पालुपद मराठीत कसं आणावं?

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातला. आमच्या गावात जत्रेला गावचीच मुलं मराठी नाटक करतात. यंदा त्याआधी शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण (तिसरा अंक, दुसरा प्रवेश) बारावीतल्या पुतण्याकडून बसवून घेतोय. भाषांतर माझंच, आणि एका शब्दावर अडलोय.

सीझरच्या खुनानंतर त्याच्या प्रेतापुढे दोघं रोमच्या गर्दीशी बोलतात: मारेकऱ्यांपैकी एक ब्रूटस, आणि सीझरचा मित्र अँटनी. ब्रूटस गद्यात, मुद्देसूद बोलतो, अँटनी पद्यात. सीझरची स्तुती करायला नाही, त्याला मूठमाती द्यायला आलोय असं अँटनी म्हणतो आणि मग स्तुतीच करतो. तीनदा नाकारलेला मुकुट, सुऱ्यांनी फाटलेला झगा, प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा देणारं मृत्युपत्र. ते मृत्युपत्र तो नुसतं दाखवतो, वाचायला नको म्हणतो, आणि लोकच हट्टाला पेटतात. मला ही जागा सगळ्यांत जबरदस्त वाटते, कारण मागणी गर्दीच्या तोंडून येते. एवढं मराठीत उतरलं.

घोडं अडतं ते अँटनी पुन्हा पुन्हा म्हणतो त्या 'ब्रूटस सन्माननीय माणूस आहे' इथे. पहिल्यांदा हे मनापासून म्हटल्यासारखं वाटायला हवं, शेवटी तेच शब्द शिवीसारखे लागायला हवेत. 'सन्माननीय' म्हटलं की सभेतलं सूत्रसंचालन आठवतं. 'थोर' पहिल्याच वेळी टोमणा होतो. 'सज्जन' मिळमिळीत. सध्या 'अब्रूदार'वर मन बसलंय, पण रोमन सरदाराला तो शोभेल का?

आणि दर वेळी पुतण्याने आवाज चढवावा, की उलट शांत होत जावं? रंगमंचावर काम केलेल्यांनी जरूर सांगा. तालीम येत्या रविवारी आहे.