पुरुमेंत आणि नाकेबंदीचा काळ

कुणीतरी विचारलंय की फ्रीज नसताना पावसाळा कसा निघायचा, तर आमच्या गोव्यात पुरुमेंत करायचे, म्हणजे मे महिन्यातच चार महिन्यांची बेगमी, उकडे तांदूळ, मिरची, सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), चेपणीतले म्हणजे मिठात दाबून ठेवलेले आंबे सगळं भरून ठेवायचं. मला सगळ्यात भारी वाटतात ती भिंडां (कोकमं), साल त्याच्याच रसात परत परत बुडवून वाळवली की सोलं झाली, मीठ घालून ठेवलेला रस म्हणजे आगळ आणि बियासुद्धा टाकायच्या नाहीत, कुटून उकळून भिंडेल (कोकमाचं तेल) काढायचं, पायाच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं काही नाही! गोवा पोर्तुगीजांकडे असताना भारताने केलेल्या १९५५च्या आर्थिक नाकेबंदीत बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून यायचा, तेव्हा ही घरची बेगमी किती कामाला आली असेल बघा. अजून कुणाकडे भिंडेल काढतात का?