नऊ वर्षे उभ्या असलेल्या येझदीचे इंजिन जाम, किक हलत नाही: सल्ला हवा

अंबाजोगाईकर

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८४ सालची येझदी २५० मोटारसायकल आमच्या गावाकडे माळवदाच्या घरात, ढाळजेत, नऊ वर्षांपासून उभी आहे. उभी केली तेव्हा ती व्यवस्थित चालत होती. आता पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली, परंतु किकवर सगळे वजन टाकूनही ती तसूभर हलत नाही. गावातील मिस्त्रींचे म्हणणे असे की, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढली की मोकळी होईल. ओढावी का? आणि इंजिन उघडावेच लागले, तर काम इथेच करावे की लातूरला अथवा छत्रपती संभाजीनगरला न्यावे?

बालाघाट_२५०

ट्रॅक्टरने मुळीच ओढू नका. धावता धावता जाम झालेले इंजिन आणि उभ्या उभ्या जाम झालेले इंजिन ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो आणि भिंतीला चिकटतो. मांजरसुंब्याचा घाट मे महिन्यात डबलसीट चढताना मी ते अनुभवले आहे, आणि ते इंजिन निवल्यावर आपोआप सुटलेही होते. तुमचे दुखणे गंजाचे दिसते. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसल्यामुळे पिस्टन जिथे थांबला असेल त्यानुसार एखादे पोर्ट, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील खिडकी, उघडे राहते, सायलेन्सरमधून दमट हवा प्रत्येक पावसाळ्यात आत शिरते आणि पिस्टनवरच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतात. अशा वेळी जोर लावला, तर रिंगेचे टोक पोर्टच्या खिडकीत अडकून तुटते आणि पिस्टनसह बोअरही ओरखडून निघतो.

त्याआधी एक खात्री करा. येझदीत गिअरचा आणि किकचा दांडा एकच असल्याने किकचा भाग अडकला, तरी इंजिनच जाम झाल्यासारखे वाटते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून प्लग काढा, उजवीकडचे डायनॅमोचे झाकण उघडा आणि रोटरच्या (डायनॅमोच्या फिरत्या भागाच्या) बोल्टला पाना लावून, बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनेच, हलक्या हाताने फिरवून पाहा. फिरला तर इंजिन शाबूत आहे. नाही फिरला, तर प्लगच्या भोकातून डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल सम प्रमाणात मिसळून ओता व रोज थोडी भर घालत राहा. दोन दिवसांत निकालाची अपेक्षा धरू नका.

बोअरवाला_वाळूज

वरील सल्ल्याशी सहमत आहे, मात्र पिस्टन सुटला म्हणून लगेच किक मारून गाडी चालू करू नये, एवढी भर घालतो. हेड व सिलिंडर काढून आत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. सिलिंडर सरळ वर उचलावा, पिळू नये, कारण रिंगेची टोके खिळीवर बसवलेली असतात आणि ती पोर्टमध्ये जाऊ शकतात. क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) पेटीच्या, तोंडात स्वच्छ कापड कोंबा. बोअरचे माप वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी घ्यावे. मूळ बोअर ६५ मिलिमीटर आहे. गंजाचे खड्डे होनिंगने, म्हणजे बारीक घासून, जात नसतील, तर बोअर वाढवावाच लागेल. मात्र आधी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, पिस्टन हातात घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. उलट क्रमाने केलेली कितीतरी कामे आमच्याकडे दुरुस्तीला येतात. उघडणे-जोडणे अंबाजोगाईतही होईल, बोअरचे काम मात्र बोअर गेज (आतला व्यास मोजायचे उपकरण) असलेल्या लेथवरच द्यावे, मग ते लातूरचे असो वा इकडचे, छत्रपती संभाजीनगरचे.

अंबाजोगाईकर

आपणा दोघांचे आभार. रोटर फिरला नाही, म्हणून सांगितल्याप्रमाणे तेल ओतले. सहाव्या दिवशी तो बोटभर सरकला आणि त्यानंतर पुढे-मागे करत मोकळा झाला. सिलिंडर उतरवला असता एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला नखाला लागतील असे खड्डे दिसले. खालची रिंग खाचेतच चिकटली होती. पिस्टन शोधतो आहे. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवला तर खेळ जाणवत नाही. मग क्रँक उघडण्याची गरज आहे का?

बालाघाट_२५०

वर-खाली खेळ नाही, हे उत्तम. बाजूला थोडा खेळ असतोच. तरीही क्रँक फिरवताना खरखर लागते का, ते पाहा. नऊ वर्षांच्या ओलाव्यात मेन बेअरिंगला गंज लागला असेल, तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. खरखर नसली, तरी क्रँकची दोन्ही सील बदला, कारण रबर एवढ्या वर्षांत कडक होते. डायनॅमोकडचे सील गळले की इंजिन तिथून हवा ओढते, हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि नवा पिस्टन पहिल्याच उन्हाळ्यात चिकटतो. क्लचकडचे गळले की गिअरचे तेल जळून पांढरा धूर येतो. टाकीतील जुने पेट्रोल फेकून द्या, आणि यापुढे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा, कारण हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. बोअरनंतर पहिले पाचशे किलोमीटर दर लिटर पेट्रोलला पन्नास मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घाला आणि घाट टाळा.

अंबाजोगाईकर

क्रँक फिरवून पाहिला. डाव्या बाजूला खरखर लागते. उद्या इंजिन खाली उतरवतो.