मदत हवी आहे: पाचव्या लॅपनंतर गाडी पुढून बाहेर जाते, कोणते शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेऊ?

तिसरंवळण: हौशी कार रेसिंग मालिकेतला माझा दुसरा सीझन. पहिले चार लॅप पुढच्या गाड्यांना चिकटून असतो. पाचव्यापासून वळणात स्टिअरिंग फिरवतोय आणि गाडी आपली सरळच चाललीये. दहाव्या लॅपला दोन सेकंद गेलेले असतात. पुढची फेरी पंधरा दिवसांवर आहे. अ‍ॅडजस्टेबल शॉक घ्यायचं ठरवलंय, सेटिंग काय ठेवू? लवकर सांगा, ऑर्डर द्यायचीये.

गिअरबॉक्स: इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना की मागच्या? टायरमध्ये हवा किती? शॉक बदलायला नियमात परवानगी आहे का?

तेलकट_हात: आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते. मी दर फेरीआधी बदलतो.

तिसरंवळण: ब्रेकचं विचारलंच नाहीये. पुढची चाकं चालवतात, सगळ्यांच्या गाड्या सारख्याच आहेत. हवा ३२ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप).

गिअरबॉक्स: ३२ गार की गरम?

तिसरंवळण: सकाळी पिटमध्ये भरतो तेव्हा. त्याने काय फरक पडतो?

गिअरबॉक्स: तिथेच तर सगळं आहे. तुमचे पुढचे टायर गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भारही घेतात. आतली हवा दर १० अंशांना साधारण दीड पीएसआय चढते. ट्रॅकवरून आत आल्या आल्या, गाडी थंड व्हायच्या आत गेज लावा. आणि टायरच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवून काय लागतं ते सांगा.

लॅपटायमर: हवेने दोन सेकंद जात नाहीत. हा वळणात लवकर अ‍ॅक्सिलरेटर देत असणार, गाडी बाहेर गेली की आणखी स्टिअरिंग वळवणार, त्यात टायर भाजणार. शॉकचे पैसे प्रॅक्टिसवर घाला.

गिअरबॉक्स: मग पहिले चार लॅप बरोबर कसा चालवतो? चालवणारा तोच आहे ना?

लॅपटायमर: टायर गार असताना चूक खपते, एवढंच.

चेकर्ड: मुळात मालिकाच सुधारायला हवी. जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या फेरीला वजन टाका, सगळे जवळ येतील.

लॅपटायमर: मग लोक मुद्दाम दुसरे येतील. त्यापेक्षा सगळ्यांचा जीपीएस डेटा सगळ्यांना खुला करा. पुढचा कुठे ब्रेक लावतो, वळणाच्या मधोमध त्याचा वेग किती, हे दिसलं की मागचे आपोआप शिकतात.

तिसरंवळण: त्यासाठी वेगळा धागा काढा, प्लीज. नियम वाचले, शॉक मूळचेच लागतात. हे आधी बघायला हवं होतं. आज ट्रॅक मिळाला होता. आठ लॅपनंतर गेज लावलं, पुढचे दोन्ही ४१! बाहेरच्या कडेवर रबराच्या बारीक वळकट्या, उलट बोट फिरवलं की कंगव्यासारखं टोचतं. मधला भाग गुळगुळीत.

गिअरबॉक्स: ४१ फार झालं, एवढ्या दाबाला टायरची पकड कमी होते. उद्या गार २७ वर सुरुवात करा, आत आल्यावर परत मोजा आणि वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, नंतर बघू, पण नियमात किती चालतो ते आत्ताच बघून ठेवा.

लॅपटायमर: ती कड जास्त स्टिअरिंगनेही अशीच होते. गाडी बाहेर जायला लागली की स्टिअरिंग थोडं सोडून बघा.

तिसरंवळण: दोन्ही केलं, आधी हवा, मग स्टिअरिंग. गरम ३५ आले. नुसत्या हवेने दहावा लॅप पहिल्यापेक्षा फक्त आठ दशांश मागे. स्टिअरिंग सोडल्यावर आणखी दोन दशांश मिळाले. शॉकची ऑर्डर दिली नाही. पण आता शेवटच्या लॅप्सना ब्रेकचं पेडल लांब जातं, पूर्वीही जायचं, लिहायचं राहिलं.

तेलकट_हात: ऑइल उकळलं की असंच पेडल लांब जातं. शेवटचं कधी बदललं होतं?

तिसरंवळण: गाडी घेतली तेव्हापासून तेच आहे.