विषय: जुनी व्हॅन विकतोय, मखराचं प्लायवुड यंदा कोण नेणार?

प्रेषक: शिल्पा (नोव्हाय)

नमस्कार डेट्रॉइटकर मंडळी,

नवीन टोयोटा सिएना एकदाची आली. जुनी व्हॅन शनिवारी जाणार, म्हणून आत्ताच सांगून ठेवते, मखराचं प्लायवुड यंदा आमच्याकडून होणार नाही. नवीन गाडीच्या मधल्या सीटा निघतच नाहीत. २०२१ पासूनच्या सगळ्या सिएनांचं तसंच आहे. त्या सीटांमध्ये एअरबॅग आहेत, म्हणून कंपनीने त्या पक्क्या करून टाकल्यात. पुढेमागे ऐसपैस सरकतात, पण बाहेर येत नाहीत. आणि आल्या असत्या तरी नव्या गाडीत मी प्लायवुड घालू दिलं नसतं, हेही लिहून टाकते. मिलिंद, "वहिनी, दोनच शीट आहेत" हे यंदा चालणार नाही.

जुनी कोणाला हवी असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. १,८३,००० मैल झालेत. इंजिन ठणठणीत. डावीकडचं सरकतं दार बटण दाबलं की अर्धं उघडतं, पीं पीं करतं आणि परत बंद होतं. पुढचं बटण बंद ठेवून हाताने ओढलं की गुपचूप उघडतं. तिसऱ्या सीटच्या खड्ड्यात गुलाल आहे. तो निघत नाही. आम्ही सगळं करून पाहिलंय.

शिल्पा

---

प्रेषक: मिलिंद (कँटन)

शिल्पावहिनी,

पंधरा दिवस थांबता येणार नाही का? गणपती तोंडावर आलेत.

कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, शीट कापून नेता येणार नाहीत. मागच्या कमिटीने मधोमध कापून बिजागऱ्या लावल्या होत्या आणि ऐन आरतीत कमान कशी पुढे झुकली ते सगळ्यांनी पाहिलंय. मागची भिंत अखंड आठ फुटीच लागते. छतावर बांधून न्यायचं तर सहाशे शहाण्णव हायवेवर वारा लागला की शीट उचलली जाते. तो प्रयोग मी करणार नाही.

मिलिंद
(सजावट)

---

प्रेषक: प्रसाद (ऑबर्न हिल्स)

घेतलीच का शेवटी सिएना! मी तेव्हाच म्हणत होतो की क्रायस्लरची पॅसिफिका बघा. सीटा काढायच्याच नाहीत. जमिनीतलं झाकण उघडा, दोरी ओढा, सीट खाली गडप. क्रायस्लरच्या व्हॅनमध्ये २००५ च्या मॉडेलपासून ही सोय आहे. चार बाय आठची शीट आडवी बसते आणि मागचं दारही लागतं. शिवाय गाडी बनते नदीपलीकडे विंडसरला, म्हणजे आपल्या घरचीच. ओळखीचा डिस्काउंट मी केव्हाही काढून देईन, हे याआधीही लिहिलं होतं.

प्रसाद

---

प्रेषक: शिल्पा (नोव्हाय)

प्रसाद, तूच आम्हाला पॅसिफिकाची प्लग-इन हायब्रीड घ्या म्हणत होतास. त्यात मधल्या सीटा जमिनीत जात नाहीत, कारण त्या जागेत बॅटरी आहे. उचलून गॅरेजमध्येच ठेवाव्या लागतात. आम्हाला चार्जरची भानगड नको होती, पण मायलेज हवं होतं. सिएनाला गॅलनला ३६ मैलांचा ॲव्हरेज मिळतो, जुनीला कधी वीसच्या वर गेलेला पाहिला नाही. हे रोज ॲन आर्बरला जातात, त्यात सगळं आलं.

---

प्रेषक: सुहास (ट्रॉय)

प्रसादने 'घरची गाडी' म्हटलं म्हणून लिहितो. मिनीव्हॅन हा प्रकारच आपल्या गावातला. क्रायस्लरच्या कॅरव्हॅन आणि व्हॉयेजर बाजारात आल्या १९८३ च्या शेवटी, १९८४ चं मॉडेल म्हणून. आम्ही नंतर एक जुनी घेतली. तेव्हा मधली सीट म्हणजे अखंड बाक. ते दोघांनी उचलायचं, एक आत आणि एक बाहेर, आणि बाहेरच्याचा पाय नेहमी सापडायचा. त्याच गाडीत हिची आई शिकागोहून आली. बाकाखाली लोणच्याची बरणी, मागे पाच बॅगा, आणि सासूबाई सबंध वाटभर विचारत होत्या की एवढी मोठी गाडी आपली की ऑफिसची.

आता मुलं गेली आपापल्या वाटेला, आमची व्हॅन मात्र आहे. दोघांसाठी सात सीटा. हिचं म्हणणं विका. मी म्हणतो, नातवंडं आली की कुठे बसवू? ती ख्रिसमसला चार दिवस येतात, हा भाग वेगळा.

सुहास

---

प्रेषक: मेधा (फार्मिंग्टन हिल्स)

मिलिंद,

यू-हॉलची व्हॅन भाड्याने आणायचं ठरवताय असं बाहेरून कळलं. जाहिरातीत १९.९५ डॉलर दिसतात. त्यावर मैलाचे पैसे, विमा, गॅस (पेट्रोल). प्लायवुड आणायला एकदा, परत ठेवायला एकदा. सजावटीचं बजेट मे महिन्यात मंजूर झालं, त्यात वाहतूक हे कलमच नव्हतं, कारण ते काम शिल्पाची व्हॅन फुकट करत होती. खर्च करायच्या आधी मला विचारायचं, नंतर पावती पाठवायची नाही. ढोलांच्या वेळी काय झालं ते परत उगाळत नाही.

मेधा
खजिनदार

---

प्रेषक: मिलिंद (कँटन)

मेधाताई, अजून काहीच ठरवलं नाहीये. नुसती चौकशी केली. तीही घरी, फोनवर.

---

प्रेषक: निखिल (कँटन)

नमस्कार, मी निखिल. मार्चमध्ये पिट्सबर्गहून आलो. लिस्टवर पहिल्यांदाच लिहितोय. दोन मुलं, शिवाय नोव्हेंबरात आईबाबा येणार, त्यामुळे व्हॅनमध्ये इंटरेस्ट आहे.

शिल्पाताई, गाडी कुठली, कुठल्या सालची, हे मेलमध्ये कुठेच नाही. विचारायचं कारण, होंडा ओडिसी असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते बघावं लागेल. लाख मैलांच्या आसपास तो बदलावाच लागतो, चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनच जातं. बेल्टबरोबर वॉटर पंपही बदलून घेतात, कारण उघडायची मेहनत तीच. २००७ नंतरच्या सिएनाला चेन असते, तिथे हा प्रश्न नाही.

दुसरं म्हणजे, पेनसिल्व्हेनियात दर वर्षी तपासणी करून स्टिकर घ्यावा लागायचा. इथे तसं काहीच नाही म्हणतात, मग गाडी खालून कशी आहे ते कोण सांगणार?

निखिल

---

प्रेषक: सुहास (ट्रॉय)

निखिल, शिल्पाची गाडी कुठली हे अख्ख्या मंडळाला माहीत आहे. बघशील तेव्हा कळेल.

बरोबर, मिशिगनमध्ये तपासणी नाही. म्हणून तूच वाकून बघायचं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गाडी वरून लखलखीत दिसते आणि खालून पापडासारखी झालेली असते. ब्रेकच्या नळ्या बघ, मागच्या चाकांवरच्या कमानीला आतून हात लावून बघ, पोपडे येतात का. आणि स्टेपनी बघ. व्हॅनची स्टेपनी बहुतेक वेळा खाली तारेने टांगलेली असते. २०१० मध्ये टोयोटाने थंडीच्या राज्यांतल्या सहा लाखांच्या आसपास सिएना याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या, तार गंजून चाक रस्त्यावर पडू शकतं म्हणून. गाडी कुठलीही असो, एकदा ती तार सैल करून बघ, चाक खाली येतं का. बऱ्याच गाड्यांत ते पंक्चर झाल्यावरच कळतं.

दाराचं फार मनावर घेऊ नकोस. आत एक बारीक केबल असते, तिचे तंतू सुटले की मोटर अडते. दुरुस्तीला इतके डॉलर सांगतात की माणूस हाताने ओढायला शिकतो.

---

प्रेषक: प्रसाद (ऑबर्न हिल्स)

काका, दाराचं नुसतं केबल असतं असं नाही. कधी खालच्या रुळात कचरा अडकतो, कधी रोलर झिजतो. आधी रूळ साफ करून सिलिकॉनचा फवारा मारा. ग्रीस लावू नका, त्याला धूळ चिकटते. मी रोज दारांचंच काम करतो, म्हणून लिहिलं.

---

प्रेषक: सुहास (ट्रॉय)

मग इतकी वर्षं माझं दार का बघून दिलं नाहीस?

---

प्रेषक: शिल्पा (नोव्हाय)

प्रसाद, रुळात कचरा नाही, गुलाल आहे. वर लिहिलंय.

निखिल, ये बघायला. पावत्या सगळ्या फाइलमध्ये लावलेल्या आहेत, ह्यांना तो छंदच आहे. डीलर चौदाशे देतोय. तेवढेच दे, पण अट एकच. गणपतीच्या शुक्रवारी संध्याकाळी मिलिंदच्या घरून प्लायवुड शाळेच्या हॉलवर न्यायचं. यंदाच्या वर्षी तरी.

---

प्रेषक: निखिल (कँटन)

काल संध्याकाळी बघून आलो. खाली गंज आहे, पण वरवरचा. स्टेपनी खाली आली. आम्ही घेतोय, अट मान्य. बायकोने फक्त एकच विचारलं, गाडीत मधल्या दोन सीटा दिसल्या नाहीत. शिल्पाताई म्हणाल्या त्या मिलिंदकडे आहेत?

---

प्रेषक: मेधा (फार्मिंग्टन हिल्स)

छान झालं. निखिल, गॅसची पावती थेट मला पाठव, मिलिंदमार्फत नको. आणि मंडळाची वार्षिक वर्गणी अजून भरलेली दिसत नाही.

---

प्रेषक: मिलिंद (कँटन)

निखिल, स्वागत! सजावटीच्या यादीत तुझं नाव घातलंय. सीटा माझ्या बेसमेंटमध्ये आहेत, मागच्या गणपतीत काढल्या तेव्हापासून. सध्या त्यांच्यावर मखराचे खांब रंगवून वाळत ठेवलेत. विसर्जनानंतर घेऊन जा.