राजीनामा दिला म्हणून कमिशन परत?
राजीनामा देताच एचआरने सहा महिन्यांचं कमिशन परत मागितलं, असं तुम्ही लिहिलंय. घाईने एक रुपयाही भरू नका. आधी ऑफर लेटर आणि इन्सेंटिव्ह पॉलिसी वाचा. ऑर्डर रद्द झाली तर वसुली, असं कलम असेल तर गोष्ट वेगळी. पण माल गेला, ग्राहकाचे पैसे जमा झाले, तर ती तुमच्या घामाची कमाई आहे. करारात दंड लिहिला असला तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते, छापलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा.

मी नोकरी सोडली तेव्हा ‘नो ड्यूज’ (काही देणं बाकी नाही) फॉर्मवर बारीक अक्षरात वसुलीची संमती होती. मी तिथेच ‘मान्य नाही’ लिहून सही केली, फोटो काढला. तुम्हीही ऑर्डरवार हिशेब ईमेलवरच मागा.