पी५३ पेक्षा एमएमआर बघा
वर ताईंनी विचारलंय की वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टमधे पी५३ बिघडलेला आलाय म्हणजे वाईटच का, तर ताई, एवढ्यावरून घाबरून जाऊ नका. हा जीन निम्म्याच्या आसपास पेशंटमधे बिघडलेला असतोच, एकट्या त्याच्यावरून पुढचं काही ठरत नाही. असंच आधीही झालंय, १९९४ ला गाठीच्या पेशींतून १८व्या क्रोमोसोमचा तुकडा गेला की दुसऱ्या स्टेजचा आजारही तिसऱ्यासारखा वागतो असं दिसलं होतं, सगळे त्यातल्या डीसीसी जीनच्या मागे लागले, पण पुढे ते तितकंसं टिकलं नाही. खरी उपयोगाची एमएमआर टेस्ट, त्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएलएच१, एमएसएच२ वगैरे चार प्रोटीन गाठीत आहेत का बघतात, ती ऑपरेशनमधे काढलेल्या गाठीच्या मेणात जपलेल्या तुकड्यावरच (ब्लॉकवर) होते. दुसऱ्या स्टेजला त्यातलं एखादं गायब असेल तर उलट आजार परत यायची शक्यता कमी, आणि नुसत्या ५-एफयू या औषधाच्या केमोचा फायदाही फारसा नसतो. केमो ठरायच्या आधी डॉक्टरांना हे विचाराच.