नदीकाठाला पैसे आहेत, नदीला का नाहीत?

मुठेकाठी

परवा इथे एकाने लिहिलं, "पुण्यातले पर्यावरणवाले म्हणजे प्रत्येक कामात खोडा. नदीकाठ सुधारतोय तर सुधारू द्या की, झाडं काय, परत लावता येतात." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

नदीकाठ सुधारायला माझा विरोध नाही. विरोध क्रमाला आहे. मुळा-मुठेचा नदीकाठ प्रकल्प म्हणजे ४४ किलोमीटर, दोन्ही काठ, साधारण ४,७०० कोटी. भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये, पंतप्रधानांच्या हस्ते. आता जायकाचं, म्हणजे जपानी संस्थेच्या मदतीने चाललेलं नदी स्वच्छतेचं काम घ्या. ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, क्षमता ३९६ एमएलडी (दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर), मूळ खर्च ९९० कोटी. करार २०१६ चा, काम २०२२ पर्यंत व्हायचं होतं. झालं नाही, मुदती सरकत गेल्या. आणि नेमक्या त्याच वर्षी जवळजवळ पाचपट महागड्या कामाचा नारळ फुटला. पाणी काळं ते काळंच, काठावर मात्र फरसबंदी. बंडगार्डनकडचा तयार टप्पा बघून या. बसायला सुरेख जागा आहे, फक्त वारा नदीकडून यायला नको.

"झाडं परत लावता येतात" याबद्दल. राम नदी मुळेला मिळते तिथे वाळुंज, उंबर, करंज उभे आहेत. वाळुंजाच्या मुळ्या काठाच्या मातीत अशा रुतलेल्या असतात की पूर येऊन गेला की वर कचरा लटकलेला दिसतो आणि खाली काठ जागच्या जागी. हे काम ते झाड फुकट करतं. आपण ते काढायला पैसे मोजणार, आणि मग तोच काठ धरून ठेवायला दगड रचायचे पुन्हा पैसे मोजणार. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, असा कायदा आहे. लावतात. हडपसरपलीकडे कुठेतरी. पुढच्या मे महिन्यात तिथे कोणी फिरकत नाही.

सरळमार्गी

तो अंगठेवाला प्रतिसाद माझाच. नाव घ्यायला लाज वाटली का?

मुठेकाठी, दोन हिशेब एका पिशवीत घालू नका. जायकाचं काम वेगळ्या योजनेतलं, त्यात केंद्राचं मोठं अनुदान. उद्या नदीकाठ बंद केला म्हणून तो पैसा शुद्धीकरणाकडे वळत नाही. शिवाय काठाच्या कामातच मैलापाणी अडवणाऱ्या वाहिन्या आहेत. हे कोणी सांगत नाही, कारण मग झाडाला मिठी मारतानाचा फोटो फिका पडतो.

आणि "मोकळा नैसर्गिक काठ" म्हणजे काय ते मला विचारा, मी येरवड्यात वाढलोय. रात्री डंपर येतात, राडारोडा ओततात, सकाळी काठ दोन हात पुढे सरकलेला. पाच वर्षांनी तिथे पत्र्याचं शेड, दहा वर्षांनी मंगल कार्यालय. नदी घरापासून पाच मिनिटांवर, पण मुलीला पाण्यात पाय बुडवायचे तर भोरच्या पुढे न्यावं लागतं. वाट असेल, दिवे असतील, माणसं फिरतील तर डंपर येणार नाही. साबरमतीला जाऊन बघा.

हिशेबनीस

आलं साबरमती! वाटच बघत होतो.

साबरमतीत अहमदाबादपुरतं दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे. शहर ओलांडून खाली गेलात की काय वाहतं ते बघून गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. पुण्यात कुठला कालवा सोडणार? खडकवासल्याचं पाणी पिण्याला आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला पुरत नाही म्हणून दर उन्हाळ्यात कालवा समितीत भांडणं. बंधारे घालून पाणी अडवणार म्हणता. अडवणार काय, तर आपलंच मैलापाणी.

आणि "वेगळा पैसा" हे उत्तर मी सहभागी अंदाजपत्रकाच्या वेळेपासून ऐकतोय. आपल्या भागातली कामं नागरिकांनीच पालिकेला सुचवायची, अशी ती योजना. २००६ च्या सुमारास पुण्यात ते सुरू झालं, तेव्हा मोठ्या उत्साहाने अर्ज भरला होता. आमच्या रस्त्यावर सावलीची झाडं आणि पावसाळी गटार मागितलं. मिळालं काय? बाकडं. पाठीवर नाव रंगवलेलं. पुढच्या वर्षी पुन्हा गटार मागितलं, पेव्हर ब्लॉक मिळाले. आधीचे चांगले असताना. गटार जमिनीखाली असतं हो, त्यावर "यांच्या प्रयत्नातून" लिहिता येत नाही.

धायरीची वहिनी

तुमची नदी, तुमची टेकडी, तुमची बाकडी. चालू द्या.

११ गावं २०१७ ला महापालिकेत घेतली, २३ गावं २०२१ ला. आमच्याकडे अजून टँकरच्या वेळेवर घरातली माणसं आंघोळ करतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याला, किरकटवाडी-नांदेड भागात जीबीएसचे (मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले तेव्हा सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या आल्या. माझी चुलत जाऊ त्यातली. हाताची बोटं हलेनात इथपासून सुरुवात, मग अतिदक्षता विभाग. आता घरात फिरते, पण जिना चढताना कठडा सोडत नाही. आम्ही अजूनही पाणी उकळतो, सिलिंडर महिना भरत नाही.

मला तुमच्या धाग्यात वाळुंज आहे, साबरमती आहे, नळ कुठे आहे? खर्चाचा क्रम लावायचाच तर पिण्याचं पाणी पहिल्या ओळीत लिहा, मग नदी, मग झाडं. काठावरची फरशी मी मेल्यावर केलीत तरी चालेल.

मुठेकाठी

वहिनी, पहिली ओळ मान्य. पण मैलापाणी आणि पिण्याचं पाणी हे एकाच कामाचे दोन भाग आहेत. विहिरीच्या वरच्या अंगाला सांडपाणी सोडायचं आणि खाली क्लोरीन ओतत बसायचं, याला पाणीपुरवठा म्हणत नाहीत. उलट मी म्हणतोय तेच तुम्ही म्हणताय.

धायरीची वहिनी

तुम्ही वाळुंजापासून सुरुवात केलीत, मी नळापासून. फरक आहे.

भिगवणचा

पुणेकरांचं भांडण संपलं की थोडं खाली बघा. तुमची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि भीमा आमच्या उजनीत येते. तुम्ही फ्लश ओढता, आम्ही वास घेतो. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, जाळं टाकून बाहेर काढलं की दोऱ्याला बुळबुळीत थर. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला शनिवारी तुमच्याच गाड्या येतात, "किती सुंदर" म्हणतात, नाकाला रुमाल लावून होडीत बसतात. आमच्या चुलत्यांनी होडीचा धंदा धरला कारण मासळीवर घर चालेना.

काठ दगडाचा करा नाहीतर सोन्याचा. पाणी सोडताना धुऊन सोडा एवढंच.

सरळमार्गी

भिगवणकरांचं पटतं. त्याला कोणाचा विरोध नाही.

पण इथे गळे काढले जाताहेत ते झाडांसाठी, आणि तोडायच्या झाडांत सुबाभळीच भरपूर आहेत. परदेशी तण. टेकडीवाल्यांनी तेच केलंय, सगळ्या टेकड्यांवर उंदीरमारी (ग्लिरिसिडिया, तेही परदेशी झाड) लावून ठेवलीय आणि त्याला जंगल म्हणतात. जंगल कसलं, सरकारी पैशाने केलेली रोपवाटिका.

टेकडीफिरस्ता

सरळमार्गी, तुम्ही वेताळ टेकडी शेवटची कधी चढलात? गाडीने पंचवटीपर्यंत गेलात ते धरू नका.

मी या टेकडीवर खांद्यावरून कॅन नेऊन पाणी घातलंय. टेकडीवरून काढायच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध मोर्चात चाललोय. उंदीरमारी लावली तेव्हा वर उघडा मुरूम होता, दुसरं काही जगत नव्हतं. तिची पानं पडून पडून माती झाली, आता त्या मातीत बहावा, पळस, शिवण धरतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की याच "तणा"खाली नवरंग पानं उलटताना दिसतो. पाठीवर हिरवा, पोटाखाली लाल, आणि शेपूट इतकी आखूड की कुणी कातरलीय असं वाटावं. तो काय तुमच्या फरसबंदीवर येणार आहे?

गवताळ

सरळमार्गींच्या बाजूने बोलायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण टेकडीफिरस्ता, "उघडा मुरूम" हे थोतांड बंद करा. तो माळ होता. कुसळी, मारवेल, मध्ये मध्ये बोरी-बाभळी. आठ महिने पिवळा दिसतो म्हणून तुम्हा लोकांना तो ओसाड वाटतो. चंडोल त्या गवतात जमिनीवर घरटं करायचा. तुम्ही चर खणले, उंदीरमारी लावली, सावली केली, गवत मेलं, चंडोल गेला. आणि त्याला पर्यावरण म्हणता! नदीकाठवाले दगड लावतात, तुम्ही झाडं लावता. जागा तशीच राहू देणं दोघांनाही जमत नाही.

खर्चाचंच बोलायचं तर २०१९ ला राज्याने ३३ कोटी झाडं लावायची ठरवली होती. माळ राखायला कुणी ३३ रुपये दिलेत का?

टेकडीफिरस्ता

माळ राखायचा म्हणजे काय करायचं? फेब्रुवारीत कोणीतरी विडी टाकतो, अर्धी टेकडी जळते. वणवा विझवायला ओली फांदी घेऊन आम्ही धावतो, तेव्हा तुम्ही चंडोलाची यादी करत बसलेले असता. भुवया जळाल्यात माझ्या. जाळरेषा काढायला या एकदा, मग गवताचं प्रवचन द्या.

गवताळ

वणवा गवताने लागत नाही, विडीने लागतो. आणि चराच्या कडेने गेली दहा वर्षं रानमोडी वाढलीय तिचं काय? माती हलवली की ती येतेच. तुमच्या त्या भरगच्च झाडीत सप्टेंबरमध्ये सोनकीचं फूल दाखवा, मी जाहीर माफी मागतो.

हिशेबनीस

चंडोलवरून चर्चा आता टेकडीच्या वर गेली. खाली नदी वाहतेय, आठवण असावी.

टेकडीफिरस्ता

हिशेबनीस, तुमचं बाकडं आम्ही ऐकून घेतलं ना?

तळमजला

मी सिंहगड रस्त्याजवळच्या, नदीकाठच्या एकतानगरीचा. २५ जुलै २०२४. पहाटे पार्किंगमध्ये पाणी, थोड्या वेळाने बैठकीच्या खोलीत, नंतर फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला. आई अर्धांगवायूची. तिला खुर्चीसकट वर नेली शेजारच्या पोरांनी. गाळ सुकल्यावर भिंतीला जो पट्टा राहतो तो रंग दिला तरी पावसाळ्यात परत दिसतो.

म्हणून स्पष्ट लिहितो. मला वाळुंज नको, नवरंग नको, चंडोल तर नकोच. मला भिंत हवी. उंच. तुमच्यापैकी ज्यांची घरं तिसऱ्या मजल्यावर आहेत त्यांनी काठाच्या नैसर्गिकतेवर कमी बोलावं.

मुठेकाठी

तुमच्यावर जे आलं त्यावर वाद घालणार नाही. पण भिंतीवर घालतो. पाणी गायब होत नाही. तुमच्या काठाला भिंत घातली की ते पलीकडच्या काठावर चढतं, तिथे घातली की मधली वाट अरुंद आणि पातळी वर. म्हणून तर निळी रेषा, लाल रेषा आखतात. २५ वर्षांतून एकदा येणारं पाणी निळ्या रेषेपर्यंत, १०० वर्षांतून एकदाचं लालपर्यंत. त्या रेषेच्या आत भराव टाकून इमारत उभी राहते तेव्हा कोणी रस्त्यावर येत नाही. पैसे खर्च करायचे तर भराव उचलायला करा. नदीला तिची जागा परत मिळेल आणि तुमच्या घरात पाणी कमी येईल.

तळमजला

आणि माझी इमारत रेषेच्या आत निघाली तर? मला उचलणार? कुठे ठेवणार? विकणाऱ्याने नकाशावर रेषा दाखवली नव्हती. कर्जाचे हप्ते मात्र रेषेबाहेरच्यासारखेच पूर्ण चालू आहेत.

हिशेबनीस

इथे माझ्याकडेही उत्तर नाही. एवढंच म्हणतो की पुनर्वसनाचा खर्च "नदी सुधारणे" या शीर्षाखाली मी तरी कधी वाचलेला नाही. तो धरला तर ४,७०० कोटींचं चित्र वेगळं दिसेल.

भिगवणचा

जलपर्णीचा खर्चही धरा. दरवर्षी काढायची निविदा, दरवर्षी परत वाढ. मैलापाण्यातलं खत खाऊन ती वाढते, मग काढणारे मशीनवाले जगतात. २०२४ ला केशवनगरला डासांचे खांबच्या खांब उभे राहिले होते हवेत, ते अख्ख्या देशाने पाहिलं.

सरळमार्गी

बरं. इतक्या जणांनी झोडपल्यावर एक अट मान्य करतो, म्हणजे तुमची झोप नीट लागेल. काठाचा पुढचा टप्पा सुरू करण्याआधी त्या टप्प्यात येणारं शुद्धीकरण केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं पाहिजे, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची रोजची तपासणी केंद्राच्या फाटकावर पाटीवर लागली पाहिजे. ते झालं की तुमच्याकडे विरोधाचं कारण उरत नाही. मग "वाळुंजाची भावना" वगैरे ऐकणार नाही.

मुठेकाठी

आधी पाटी लागू दे. आणि राम-मुळा संगम टप्प्यातून वगळा, त्याला पाटी पुरणार नाही.

सरळमार्गी

बघा, बोट दिलं की लगेच मनगट धरलं.

धायरीची वहिनी

पाटी लावणारच आहात तर आमच्या चौकात टँकरची वेळ लिहिलेलीही एक लावा. तिला क्षमता वगैरे काही लागत नाही, खडू पुरेल.

गवताळ

सोनकीचं उत्तर अजून आलेलं नाही.

टेकडीफिरस्ता

शनिवारी सकाळी वर या, दाखवतो. आणि हो, नदीकाठासाठी वाळुंजाच्या फांद्या आणल्यात, ओल्या जागी खोचली तरी फुटते. त्यालाही विरोध असेल तर येऊ नका.

गवताळ

वाळुंजाला विरोध नाही, तो काठाचाच आहे. येतो. पण उंदीरमारीला पाणी घालायचा कॅन मी उचलणार नाही.